दुखणं एकाचं, भीती दुसऱ्याची

वर्धा शहराला लागूनच दत्तपूर आहे. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी तिथं कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. कुष्ठरोगात बोटं झडतात, अशी बहुतेकांची समजूत असते. खरं तर रोग बोटं खात नाही. तो मज्जातंतूंना इजा करतो आणि हातापायांची संवेदना जाते. मग माणूस चुलीवरचं तापलेलं भांडं उघड्या हातानं उचलतो, पायात काटा मोडला तरी त्याच पायावर दिवसभर चालतो, जखम चिघळली तरी त्याला पत्ता लागत नाही. बोटं जातात ती या न कळलेल्या जखमांमुळे. म्हणजे दुखत नाही म्हणून जातात.

वेदनेची बाजू मांडायची असेल तर याहून चांगला पुरावा सापडणार नाही. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा आहे. ती बंद पडली की घर जळून जातं आणि घरात झोपलेल्याला कळतही नाही.

याच जिल्ह्यात या घंटेची दुसरी बाजूही बघायला मिळते. विदर्भात खर्रा सर्रास खाल्ला जातो. त्यातून होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण सेवाग्रामला, सावंगीला, नागपूरला रोज येत असतात. रोग जबड्यात किंवा मानेत पसरला, ऑपरेशन आणि शेक दोन्ही करून झाले, आणि आता करण्यासारखं फारसं उरलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी घंटा वाजतच राहते. जी बातमी द्यायची ती देऊन झालेली असते. घरातले सगळे जागे असतात. आग विझणार नाही हेही सगळ्यांना माहीत असतं. तरी रात्री दोन वाजता, तीन वाजता, पहाटे ती वाजते. या वेदनेतून आता कुणाला काही कळायचं राहिलेलं नाही.

ती घंटा बंद करणारी औषधं आहेत. ती दिली पाहिजेत का, असा प्रश्न विचारला तर कुणीही हो म्हणेल. पण हीच औषधं दुसऱ्या कुणाचा जीव घेऊ शकतात हे कळल्यावर काय करायचं? ज्याला दुखतंय त्याचं ऐकायचं, की ज्याला अजून आपण पाहिलेलंही नाही अशा माणसाची काळजी करायची? मला या प्रश्नात रस आहे, कारण तो आपण सोडवलेला नाही. आपण त्याचं उत्तर न देता एका बाजूला झुकलो आहोत.

*

आधी औषध काय आहे ते पाहू. अफूच्या बोंडाच्या चिकातून मॉर्फिन मिळतं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. कृत्रिम ओपिऑइड म्हणजे बोंडाशिवाय, सरळ प्रयोगशाळेत तयार केलेलं त्याच जातीचं औषध. १९३९ साली पेथिडिन आलं. जर्मनीतल्या ग्रुनेनथाल कंपनीनं १९६२ मध्ये ट्रॅमाडॉल तयार केलं आणि १९७७ मध्ये बाजारात आणलं. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास फेंटानिल बनवलं. ते मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट प्रभावी. मॉर्फिन मिलिग्रॅममध्ये मोजतात, फेंटानिल मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागात.

मेंदूत आणि मज्जारज्जूत ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर असतात. ही औषधं त्यांना जाऊन चिकटतात आणि वेदनेचा संदेश दाबतात. अडचण अशी की तेच रिसेप्टर मेंदूच्या तळाशी, श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातही असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचायला लागला की हे केंद्र आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतं. पाण्याखाली डोकं धरलं की जी तगमग होते, ती हीच. ओपिऑइडचा डोस जास्त झाला की ही तगमगही थांबते. माणूस झोपतो, श्वास मंदावतो, आणि गुदमरतोय हे त्याच्या शरीराला कळत नाही. म्हणजे औषध एक घंटा बंद करायला जातं आणि दुसरीही बंद करतं. गुण एकीकडे आणि दोष दुसरीकडे असं या औषधाचं नाही. दोन्ही एकाच कुलपात बसणाऱ्या एकाच किल्लीतून येतात. नालोक्सोन हा त्यावरचा उतारा. तो त्याच रिसेप्टरवरून औषधाला हुसकावून लावतो. पण वेळेवर कुणीतरी पाहिलं तरच त्याचा उपयोग.

फेंटानिलची त्वचेवर लावायची पट्टीही मिळते. ज्याला गिळता येत नाही अशा रुग्णाला ती वरदान आहे. एकदा लावली की ७२ तास औषध झिरपत राहतं. पण अंगात ताप असेल, पट्टीवर शेकाची पिशवी ठेवली, कडक उन्हात बसलं, तर औषध जास्त वेगानं शरीरात उतरतं. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या वर्ध्यात ही बारीक अक्षरातली सूचना राहत नाही. शिवाय ७२ तासांनी काढलेल्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं. ती कचऱ्यात तशीच टाकली आणि लहान मुलाच्या हाती लागली तर ते मूल दगावू शकतं. म्हणून ती आतल्या बाजूनं दुमडून नष्ट करायची असते. आणि जो आधीपासून ओपिऑइड घेत नाही, त्याला ही पट्टी लावायचीच नसते.

इतकं वाचल्यावर वाटेल की असं औषध घराच्या आसपासही नको. पण आपल्यापैकी ज्यांचं भूल देऊन मोठं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या शरीरात फेंटानिल येऊन गेलेलं आहे. त्यांना ते माहीतही नसतं. भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा होता, श्वास मोजत होता, गरज पडली तर नळी घालून श्वास देणार होता. तेव्हा या औषधाची भीती कुणालाच वाटली नाही. औषध तेच. फरक एवढाच की शेजारी कुणीतरी उभं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

*

आता भीतीकडे. १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. अमली पदार्थांची तस्करी रोखणं हा त्याचा हेतू. शिक्षा कडक, अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची. मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला अनेक परवाने काढावे लागत. ते वेगवेगळ्या खात्यांकडून मिळत आणि सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. कागदात चूक झाली तर तुरुंगाची भीती. साहजिकच रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत अख्ख्या देशात वैद्यकीय उपयोगासाठी वर्षाला जेमतेम १८ किलो मॉर्फिन वापरलं जात होतं. आणि हा देश कोणता? जिथं सरकारी परवान्यानं अफूची शेती होते तो. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं नीमच आणि मंदसौर हे तर त्या शेतीचं माहेर. चीक तिथं निघत होता, परदेशी जात होता, आणि इथल्या माणसाला वेदनेसाठी त्याचा थेंब मिळत नव्हता.

केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक मादक औषधे’ म्हणून वेगळी काढली गेली. अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कायदा बदलला, सवय बदलली नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगानं जगभरातला हिशेब मांडला. वेदनाशमनाची गरज असलेल्या दर माणसामागे भारतात वर्षाला ४३ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा तेवढ्याच ताकदीचं दुसरं औषध पोचतं. गरजेच्या ४ टक्के. कॅन्सरच्या रुग्णाला तोंडावाटे मॉर्फिन सुरू करताना साधारण दर चार तासांनी ५ ते १० मिलिग्रॅम देतात, म्हणजे दिवसाला ३० ते ६०. थोडक्यात, आपण आपल्या रुग्णाला वर्षाला एक दिवस पुरेल एवढं औषध देतो. उरलेले ३६४ दिवस त्यानं सोसायचे.

त्याच तक्त्यात अमेरिकेचा आकडा ५५,००० मिलिग्रॅम आहे, गरजेच्या तीस पटींहून जास्त. भीतीची बाजू तिथं दिसते. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागलेलं आढळलं, एवढंच त्यात होतं. पुढच्या काळात हे पत्र ६०० हून अधिक लेखांत आधार म्हणून वापरलं गेलं आणि ते रुग्ण दवाखान्यात, देखरेखीखाली होते ही गोष्ट त्यातल्या बहुसंख्य लेखकांनी सांगितलीच नाही. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि व्यसनाचा धोका कमी आहे असं सांगत डॉक्टरांच्या गळी उतरवलं. त्याबद्दल २००७ मध्ये कंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. गोळ्यांकडून लोक हेरॉइनकडे गेले, हेरॉइनकडून चोरट्या फेंटानिलकडे. २०२२ साली त्या देशात अमली पदार्थांच्या अतिसेवनानं एक लाखाहून अधिक माणसं मेली. त्यातले बहुसंख्य मृत्यू फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे झाले.

आणि ही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. भारतात बनलेल्या ट्रॅमाडॉलच्या, डॉक्टर कधी लिहून देणार नाहीत इतक्या जड गोळ्या पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात विकल्या जात होत्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आणलं गेलं. मग त्याच जातीचं टॅपेन्टाडॉल पुढे आलं, कारण ते त्या यादीत नव्हतं. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीनं दाखवलं, की मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडोल यांची एकत्र गोळी घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट इथं पाठवत होती. असं मिश्रण जगात कुठंही औषध म्हणून मान्य नाही. घानातल्या तामाले शहरात त्या गोळ्यांनी पोरं वाया जात होती. कंपनीचा एक संचालक छुप्या कॅमेऱ्यासमोर कबूल करत होता की हे आरोग्याला फार घातक आहे, पण धंदा आहे. त्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न आणि औषध प्रशासनानं पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यावर छापा घातला आणि केंद्रानं या मिश्रणाच्या निर्यातीचे परवाने रद्द केले.

म्हणजे भीती खोटी नाही. देशातही ती खोटी नाही. एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार ओपिऑइडच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक भारतात आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. जो माणूस हे सगळं दूर सारून ‘वेदना हा मानवी हक्काचा प्रश्न आहे, औषध खुलं करा’ म्हणतो, त्याच्याशी मला सहमत होता येत नाही.

*

माझ्या आईचे मामा हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचे. गालात गाठ झाली तेव्हा ते सत्तरीच्या आसपास होते. ऑपरेशन झालं, शेक झाला, आठ महिन्यांनी गाठ मानेत परत आली. पहिले काही आठवडे ट्रॅमाडॉलवर निभलं, मग तेही पुरेना. ज्या दवाखान्यात ते जात होते तिथल्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं नाही. मामीआजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सवय लागन म्हन्ते डॉक्टर.” त्याच डॉक्टरांनी त्याच दिवशी माझ्या मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दोन-तीन महिने धरून चला.

मी तेव्हा ही दोन वाक्यं एकापुढे एक ठेवून बराच वेळ विचार करत होतो. दोन-तीन महिने. आणि सवय लागेल. त्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या आणि त्यात त्यांना काही विसंगत दिसत नव्हतं. ते दुष्ट नव्हते. तपासताना मामाआजोबांच्या खांद्यावर हात ठेवत, तेलकट-तिखट टाळा म्हणून समजावून सांगत. त्यांना भीती होती ती मामाआजोबांच्या व्यसनाची नव्हतीच. ती त्या औषधाची होती. वहीची, तपासणीची, गोळी कुणाच्या तरी हाती लागण्याची. फक्त ती भीती त्यांनी रुग्णाच्या नावावर लिहिली.

इथं शब्दांची एक गफलत आहे, तीही सांगायला हवी. मॉर्फिन काही आठवडे घेतलं आणि अचानक थांबवलं तर घाम सुटतो, जुलाब होतात, अंग मोडून येतं. हे शरीराचं अवलंबित्व. ते जवळजवळ प्रत्येकाला येतं आणि डोस हळूहळू कमी केला तर जातं. व्यसन वेगळं. त्यात माणूस नुकसान होत असतानाही औषधामागे धावतो, घरदार सोडून धावतो. मराठीत दोन्हीला आपण ‘सवय’ म्हणतो. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यामुळे पहिलीची खात्री दुसरीच्या भीतीला चिकटते.

*

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. बँकेचे संशयास्पद व्यवहार ओळखणाऱ्या प्रणालीत दोन प्रकारच्या चुका होतात. चोर निसटतो किंवा साव अडकतो. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. दोन्ही शून्य करता येत नाहीत, तेव्हा रेघ कुठं ओढायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. कामात एक गोष्ट लवकर कळते. रेघ नेहमी त्या बाजूला सरकते, जिकडची चूक मोजली जात नाही. चोर निसटला की बैठक होते, अहवाल होतो. साव अडकला तर तो बिचारा बँकेत चार खेटे घालतो आणि गप्प बसतो. त्याची बेरीज कुठल्याच तक्त्यात नसते.

वेदनेचं अगदी असंच आहे. गोळ्यांच्या अतिसेवनानं कुणी मेलं तर पंचनामा होतो, बातमी येते, परवाना रद्द होतो. समुद्रपूरच्या किंवा आष्टीच्या एखाद्या घरात कुणी तीन महिने कण्हत मेलं तर मृत्यूच्या दाखल्यावर ‘कॅन्सर’ लिहितात. वेदना हे मृत्यूचं कारण नसतं, म्हणून ती कुठंच नोंदली जात नाही. ज्या चुकीची नोंद होते तिच्यासाठी माणूस जबाबदार धरला जातो. जिची नोंदच होत नाही ती जणू झालीच नाही.

यावर कुणी म्हणेल, तरीही एका बाजूला मरण आहे आणि दुसऱ्या बाजूला केवळ दुखणं. मरण नेहमीच जड असणार. मला हा हिशेब पटत नाही. एक तर ज्याला दोन महिने उरले आहेत त्याच्यासाठी ते दोन महिने म्हणजेच उरलेलं सगळं आयुष्य आहे. त्यात त्यानं नातवाशी बोलावं की भिंतीकडे तोंड करून पडावं हा ‘केवळ’चा प्रश्न नाही. दुसरं, या वजनकाट्यात एका पारड्यात समोरचा, नाव-गाव असलेला माणूस आहे आणि दुसऱ्यात एक शक्यता. न दिलेलं औषध समोरच्याचं नुकसान नक्की करतं. दिलेलं औषध तिसऱ्याचं नुकसान करेलच असं नाही. ते कुठून, कुणाच्या हातून, कुणाच्या देखरेखीखाली गेलं यावर ते अवलंबून असतं. तामालेच्या रस्त्यावरच्या गोळ्या कुठल्या रुग्णाच्या उशाखालून गेल्या नव्हत्या, त्या कारखान्यातून कंटेनर भरून गेल्या. कारखान्याचा गुन्हा मामाआजोबांकडून वसूल करणं हा न्याय नव्हे.

*

वर्ध्यात बसून हा विचार करताना आणखी एक आवाज कानावर येतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा जिल्हा गांधी-विनोबांचा. सत्तरच्या दशकापासून इथं दारूबंदी आहे. संयम, त्याग, देहाचे लाड न करणं ही इथल्या सार्वजनिक जीवनाची भाषा राहिली आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना पवनारला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला शांतपणे देह ठेवला. वेदनेला सामोरं जाण्यात काही उंची आहे, आणि प्रत्येक दुखण्यावर गोळी शोधणं हे दुबळेपणाचं लक्षण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना विनोबांचं उदाहरण पुरेसं वाटेल.

पण विनोबांना औषध उपलब्ध होतं. डॉक्टर उशाशी होते, देशाच्या पंतप्रधान विनवायला आल्या होत्या. त्यांनी नाकारलं, म्हणून तो त्याग झाला. ज्याच्यापर्यंत औषध पोचलंच नाही त्याच्या कण्हण्याला त्याग म्हणणं ही त्या शब्दाची चेष्टा आहे. जे हाताशी नाही ते सोडता येत नाही. ज्याला वेदना अंगावर घ्यायची आहे त्याचा तो अधिकार आपण राखला पाहिजे. त्यासाठीसुद्धा औषध आधी उशाशी असावं लागेल.

गांधींचंही पाहू. ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टर आणि दवाखान्यांवर कडक टीका केली. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स सुजलं, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून क्लोरोफॉर्मखाली त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. शुद्धीत राहून चिरफाड सोसण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत होत्या. देवदास गांधींनी पेनिसिलिन मिळवलं, तेव्हा गांधींनी ते देऊ दिलं नाही. दर काही तासांनी सुया टोचून शेवटच्या वेळी तिला यातना का द्यायच्या, असं त्यांचं म्हणणं होतं. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद होत आला आहे. पण त्यामागचं कारण वेदनेची महती नव्हती, मरणाऱ्याला विनाकारण दुखवू नये हे होतं. सेवाग्रामचं रुग्णालय आज त्याच कस्तुरबांच्या नावाचं आहे.

आपल्या भाषेत वेदनेसाठी दोन शब्द फार सोयीचे आहेत. एक ‘भोग’. भोग आहेत, भोगून संपवायचे. दुसरा ‘सोशीक’. हे विशेषण बहुधा बाईलाच लागतं आणि कौतुकानं लागतं. दोन्ही शब्द कुणी स्वतःच्या दुखण्याला लावले तर त्यातून बळ मिळत असेल, मी नाही म्हणत नाही. माझ्या ऐकण्यात मात्र ते दुसऱ्याच्या दुखण्यालाच जास्त वापरले जातात. आणि जिला आयुष्यभर सोशीक म्हणून नावाजलं, ती शेवटच्या आजारात औषध मागत नाही. तिला किती दुखतं हे विचारलं तर ‘थोडंसं’ म्हणते. वेदना मोजण्याचं यंत्र नाही, रुग्णाच्या शब्दाशिवाय पुरावा नाही. ज्यांना शब्द न काढण्याचं शिक्षण मिळालं त्यांना औषधही सर्वांत कमी मिळतं.

*

मग रेघ कुठं ओढायची? माझं उत्तर औषध खुलं करा असं नाही. पाठ-गुडघ्याच्या जुन्या दुखण्यावर ही औषधं वर्षानुवर्षं देत राहणं चूक आहे, असं मला वाटतं. कापूस वेचणाऱ्या, वाकून निंदण करणाऱ्या बायकांच्या पाठी दुखतात, ते दुखणं खरंच असतं. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत पाठ, खुबा, गुडघा दुखणाऱ्या २४० जणांना वर्षभर पाहिलं, तेव्हा मॉर्फिन, ऑक्सिकोडोनसारख्या औषधांनी साध्या वेदनाशामकांहून जास्त काही साधलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. तिथं संयम राखणं हे रुग्णाच्याच हिताचं आहे. तोच संयम कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यांत दाखवणं म्हणजे एका रोगाचा धडा दुसऱ्यावर लादणं.

दारूबंदीचा अनुभवही या जिल्ह्याला आहे. कागदावर बंदी असते, दारू नदीपलीकडून येते. ज्याला हवी त्याला मिळते. बंदीनं निदान उघड्यावरची विक्री थांबली, बायकांना तक्रारीला आधार मिळाला, हेही खरं. पण दारूच्या बंदीत एक गोष्ट सोपी आहे. दारू न मिळाल्यामुळे कुणी उपचारावाचून तळमळत नाही. मॉर्फिनला तीच मोजपट्टी लावली की तस्कराला फार फरक पडत नाही, तो दुसरा रस्ता शोधतो. ट्रॅमाडॉलवर बंधन आलं तर टॅपेन्टाडॉल काढतो. रस्ता नसतो तो फक्त रुग्णाला.

सुरुवातीला म्हटलं होतं की ऑपरेशनच्या टेबलावर फेंटानिलची भीती वाटत नाही, कारण डोक्याशी कुणीतरी उभं असतं. या सगळ्याचा निकाल मला त्या एका गोष्टीत दिसतो. कायदा पदार्थ मोजतो. किती मिलिग्रॅम, कुठल्या कपाटात, किती कुलपं. पण हे औषध सुरक्षित होतं ते शेजारी असलेल्या माणसामुळे. अमेरिकेत गोळी दिली आणि माणूस काढून घेतला. त्या १९८० च्या पत्रातले रुग्ण दवाखान्यात होते ही गोष्ट गळली, आणि सगळा अनर्थ त्या गळलेल्या गोष्टीत होता. आपण उलट केलं, दोन्ही काढून घेतलं.

केरळनं तिसरा मार्ग दाखवला आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सुरुवात केली. गावोगावचे स्वयंसेवक आणि परिचारिका घरी जाऊन रुग्णाला बघू लागल्या. २००८ मध्ये राज्यानं त्याचं धोरणच केलं. मॉर्फिन घरी पोचतं ते कुणाच्या तरी हातून. तो हात गोळ्या मोजतो, शौचाला होतंय का विचारतो, उरलेलं औषध परत नेतो. महाराष्ट्रात वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, मुंबईला टाटा रुग्णालय आहे, पुण्यातही सोय आहे. पण आर्वीहून मुंबई किती लांब आहे हे सांगायला नको.

वर्ध्याला यासाठी सगळं नव्यानं शिकावं लागणार नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, आणि विद्यार्थ्यांच्या तुकडीनं एखादं गाव दत्तक घेऊन तिथं राहायचं ही त्याची रीत आहे. गावागावांत आशाताई आहेत. परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग झाला तेव्हा आश्रमात त्यांना ठेवून घेऊन गांधी स्वतःच्या हातानं त्यांना मालिश करत. रोग बरा करण्याचं औषध तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. जवळ बसण्याची तयारी होती. आज उलटं झालं आहे. औषध आहे, कायदाही बराचसा मोकळा झाला आहे. कमी आहे ती जवळ बसणाऱ्याची, आणि ती कमी आपण भीतीच्या नावाखाली झाकतो.

भीती बाळगायला हरकत नाही. पण ती ज्याची आहे त्यानं तिची किंमत मोजावी. डॉक्टरांना तपासणीची भीती असेल तर त्यांनी नोंदी ठेवण्याचे कष्ट घ्यावेत, सरकारला गळतीची भीती असेल तर त्यानं कारखाने तपासावेत आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिका नेमाव्यात, आपल्याला शेजारच्या पोराच्या व्यसनाची भीती असेल तर आपण त्या पोराकडे लक्ष द्यावं. यातलं काहीच न करता सगळी किंमत एका कण्हणाऱ्या माणसाकडून वसूल करणं सर्वांत स्वस्त पडतं, म्हणूनच ते चालू आहे. आणि त्याच कारणासाठी ते थांबवलं पाहिजे.